कुलूप लावून केलेला वाद

एखादा चित्रपट धर्माच्या बाजूचा आहे की विरोधातला, एवढाच प्रश्न विचारला की चर्चा सोपी होते, आणि सोपी झालेली चर्चा बहुधा वाया जाते. स्कॉट बेक आणि ब्रायन वुड्स या जोडीच्या ‘हेरेटिक’ या चित्रपटाचे असेच झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाल्यापासून त्याच्याविषयी मुख्यतः दोन सूर ऐकू येतात. घरोघर जाऊन आपला धर्म सांगणाऱ्या दोन कोवळ्या मॉर्मन मुलींना एका माथेफिरूच्या तळघरात कोंडून त्यांच्या श्रद्धेची चेष्टा केली आहे, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष त्याच माथेफिरूच्या तोंडची भाषणे उचलून धरतो आणि ‘माणूस दुष्ट असेल, पण बोलतो ते खरे आहे’ असे म्हणत टाळ्या वाजवतो. दोघांची चूक मात्र एकच आहे. त्या माणसाचे व्याख्यान हाच चित्रपटाचा निकाल, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. माझ्या मते देव आहे की नाही या प्रश्नात या चित्रपटाला फारसा रस नाही. वाद कोणत्या अटींवर झाला म्हणजे त्याला वाद म्हणावे, हे तो तपासतो. आणि त्या कसोटीवर तळघराचा मालक नापास होतोच, पण त्या मुलींना दारोदार पाठवणाऱ्या संस्थेलाही काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

कथा थोडक्यात सांगतो. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांची क्षमा मागून, कारण शेवट सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही. सिस्टर बार्न्स आणि सिस्टर पॅक्स्टन या दोन तरुणी सायकलींवरून हिंडत धर्मप्रचार करतात. ज्याने स्वतः होऊन चौकशी केली होती अशा रीड नावाच्या वयस्कर गृहस्थाच्या घरी त्या एका वादळी संध्याकाळी पोहोचतात. ही भूमिका ह्यू ग्रँट यांनी केली आहे, आणि त्यांच्या लाघवी हसण्याचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता. घरात दुसरी बाई असल्याखेरीज एकट्या पुरुषाच्या घरात जायचे नाही, हा नियम मुली सांगतात. बायको आत ब्लूबेरी पाय भाजते आहे, असे उत्तर येते, वासही येतो. तो वास सुगंधी मेणबत्तीचा आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दरम्यान रीड दर पावलावर त्यांची परवानगी घेत राहतो. भिंतींत आणि छतात धातू आहे, चालेल ना? कोट काढून देता ना? सायकलीच्या कुलपाची किल्ली त्याच कोटाच्या खिशात असते. मुली शिष्टाचार म्हणून हसून ‘हो’ म्हणत जातात. धातूमुळे फोन चालत नाही आणि पुढचे दार सकाळपर्यंत उघडणार नाही, हे नंतर कळते. मागे दोन दारे आहेत, एकावर ‘श्रद्धा’ आणि दुसऱ्यावर ‘अश्रद्धा’, हवे ते निवडा, असे रीड म्हणतो. दोन्ही दारे एकाच तळघरात उतरतात.

ज्या परंपरेतून या मुली येतात तिच्याविषयी आपल्याकडे माहिती कमीच आहे. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला हा पंथ स्वतःला ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ म्हणवतो, आणि ‘मॉर्मन’ हे नाव वापरू नये असे त्याचे नेतृत्व २०१८ पासून आग्रहाने सांगत आले आहे. वाचकांच्या सोयीसाठी मी ते वापरतो आहे. आज त्याचे सत्तर हजारांहून अधिक पूर्णवेळ प्रचारक जगभर आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य विशीच्या आसपासचे आहेत. मुलांनी दोन वर्षे आणि मुलींनी दीड वर्ष सेवा करायची, असा प्रघात आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केले, तेव्हा अर्ज करणाऱ्या मुलींची संख्या एकदम वाढली. कुठे जायचे हे प्रचारक निवडत नाही. पत्र येते त्या गावी जायचे. खर्च स्वतःचा किंवा कुटुंबाचा, अमेरिकेतल्या प्रचारकासाठी दरमहा सुमारे ५०० डॉलर. प्रचार जोडीने करायचा, सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन करण्याची मुभा वर्षातून साधारण दोनदाच असे, नाताळला आणि मातृदिनी. त्यानंतर आठवड्यातून एकदा बोलता येऊ लागले. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता चित्रपटाच्या विरोधातला सर्वांत सबळ मुद्दा. एका अल्पसंख्य पंथाच्या मुलींवरची हिंसा करमणुकीसाठी दाखवल्याने उद्या खऱ्या मुलींना धोका वाढतो, अशा आशयाची नापसंती चर्चने व्यक्त केली. तिला ‘भावना दुखावल्या’ या नेहमीच्या ओरडीत जमा करणे अन्यायाचे होईल. या समाजाने मार खाल्लेला आहे. १८३८ च्या ऑक्टोबरात मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे, असा लेखी हुकूम काढला होता. तो औपचारिकपणे रद्द व्हायला १९७६ उजाडले. हुकुमानंतर तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीत सतरा माणसे मारली गेली. खुद्द स्मिथला आणि त्याच्या भावाला २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या. १८७९ मध्ये जॉर्जियात जोसेफ स्टँडिंग या तरुण प्रचारकाला जमावाने ठार केले आणि आरोपी निर्दोष सुटले. १९९८ मध्ये रशियातल्या सारातोव्ह शहरात दोन तरुण प्रचारकांना घरी बोलावून ओलीस धरले गेले. म्हणजे ‘घरी या, धर्म समजून घ्यायचा आहे’ या निरोपामागे सापळा असू शकतो, ही पटकथाकारांच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही.

हे सगळे मान्य करूनही आक्षेप टिकत नाही, आणि तो याच कारणाने टिकत नाही. जो धोका खरा आहे तो पडद्यावर दाखवल्याने निर्माण होत नाही. शिवाय चित्रपट कोणाच्या बाजूने उभा आहे हे पाहायला डोळे उघडे ठेवले तरी पुरे. सुरुवातीलाच रस्त्यावरच्या काही मुली पॅक्स्टनशी गोड बोलून तिचा घागरा खाली ओढतात, कारण मॉर्मन लोक श्रद्धेचा भाग म्हणून घालतात ती, बाहेरच्यांनी ‘जादूची’ म्हणून हिणवलेली अंतर्वस्त्रे त्यांना पाहायची असतात. त्या प्रसंगात प्रेक्षकाला हसू येत नाही. पॅक्स्टनचा उतरलेला चेहरा पाहवत नाही. चेष्टा करणाऱ्यांची एवढी नालस्ती ज्या कलाकृतीत आहे तिला चेष्टा म्हणणे विपरीत आहे. दोन्ही भूमिका करणाऱ्या सोफी थॅचर आणि क्लोई ईस्ट याच पंथाच्या घरांत वाढलेल्या आहेत, आणि त्यांच्या बोलण्यातला तो विशिष्ट सौजन्याचा, थोडासा पाठ केलेला सूर बाहेरच्याला सहज साधला नसता. खरी चेष्टा कशी असते आणि तिला उत्तर कसे द्यावे, हे या चर्चलाही ठाऊक आहे. २०११ मध्ये त्यांच्यावरचे एक मुक्त थट्टेचे संगीतनाटक ब्रॉडवेवर गाजू लागले, तेव्हा बंदीची मागणी करण्याऐवजी चर्चने पुढे त्याच नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत आपल्या धर्मग्रंथाची जाहिरात दिली. इतक्या खिलाडूपणाचे उदाहरण आपल्याकडे शोधून पाहावे. सापडल्यास आनंदच आहे.

दुसऱ्या पक्षाकडे वळू. रीडचे व्याख्यान ऐकायला झकास आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो मोनोपॉली हा खेळ टेबलावर मांडतो आणि सांगतो की लिझी मॅगी या बाईने १९०४ मध्ये पेटंट घेतलेला मूळ खेळ वेगळाच होता, दुसऱ्याने तो उचलला, रंगरूप बदलले आणि जगभर विकला. धर्मांचेही तसेच : यहुदी धर्म मूळ, बाकीच्या सुधारित आवृत्त्या, आणि मॉर्मन पंथ म्हणजे त्याच खेळाची एक प्रादेशिक आवृत्ती. मग तो ख्रिस्तापूर्वीच्या देवांची यादी वाचतो आणि त्यात कृष्णाचे नाव घेतो : कृष्ण सुतार होता, कुमारीच्या पोटी जन्मला, नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. मराठी प्रेक्षकाच्या कपाळाला आठी पडते ती इथे. देवकीचा आठवा मुलगा कुमारीच्या पोटी कसा जन्मेल? गाई राखणाऱ्याच्या हातात करवत कोणी दिली? यमुनेशी त्याचे नाते बाप्तिस्म्याचे की कालियामर्दनाचे? ज्याला गोकुळाष्टमीचा पाळणा ऐकून ठाऊक आहे त्याला एका वाक्यात कळते की हा गृहस्थ ऐकीव माहितीवर पंडित झाला आहे. मग मिथ्रस हा रोमनांचा आणि होरस हा इजिप्तचा प्राचीन देव, यांच्याविषयी तो जे ठासून सांगतो त्यावर तरी आपण का विसंबावे?

ही पटकथेतली चूक आहे असे मला वाटत नाही, कारण बार्न्सच्या तोंडी तिथल्या तिथे उत्तर दिले आहे. होरसचे डोके पक्ष्याचे होते, याची ती आठवण करून देते. यहुदी संख्येने इतके थोडे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रचारक पाठवले नाहीत एवढेच देणाऱ्या रीडला ती छळाचा आणि ज्यूंच्या संहाराचा इतिहास सुनावते. तुलना करताना साम्ये तेवढी वेचायची आणि भेद टाकून द्यायचे, ही त्याची रीत तिने पकडली आहे. साम्यावरून उगम सिद्ध होतो असे मानले तरी उगमावरून मोल कसे ठरते? ओवी आधी जात्यावर होती म्हणून ज्ञानेश्वरांच्या ओवीला उसनी म्हणायचे काय? ज्या प्रश्नांनी या मुली कोसळतील अशी रीडची अपेक्षा आहे ते प्रश्न त्यांच्या पंथात आता गुप्तही राहिलेले नाहीत. स्मिथच्या बहुपत्नीत्वाविषयी चर्चने स्वतःच २०१४ मध्ये संकेतस्थळावर निबंध प्रसिद्ध केला आहे. १९७८ पर्यंत कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नाकारले जात होते, हेही तिथे लिहिलेले आहे. १८५७ मध्ये माउंटन मेडोज येथे मॉर्मन सैनिकांनी सुमारे एकशेवीस वाटसरूंची कत्तल केली, हेही त्यांच्या इतिहासकारांनी मांडले आहे. म्हणजे पंथाचा इतिहास डागाळलेला आहे हे सांगायला तळघराची गरज नव्हती. दिवाणखाना पुरेसा होता.

‘पण बोलतो ते खरे आहे’ म्हणणाऱ्यांची अडचण इथेच आहे. रीडला स्वतःच्या युक्तिवादावर विश्वास असता तर त्याने दाराला ठरल्या वेळीच उघडणारे कुलूप लावले असते का? समोरचा उठून जाऊ शकत नाही अशा खोलीत जे चालते ते प्रवचन असेल, उलटतपासणी असेल, छळही असेल. वाद मात्र नव्हे. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात आठवडेच्या आठवडे झालेले वाद आठवावेत. दोन्ही बाजू कडव्या, भाषा बोचरी, श्रोते उतावीळ. पण वाळूला दार नव्हते. ज्याला कंटाळा येई तो घरी जाई, आणि ज्याला नवे सुचे तो पुढच्या आठवड्याला येई. पुढे त्या वादांची पुस्तके झाली, कारण दोन्ही पक्षांना आपण काय बोललो हे लोकांनी वाचावे असे वाटत होते. रीडच्या तळघरातले संभाषण कोणी छापणार नाही.

इथे एक उलट प्रश्न येतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. प्रचारक तरी कुठे मोकळ्या मनाने येतात? ते न बोलावता दार ठोठावतात; उत्तर आधीच ठरलेले असते, प्रश्न फक्त तिथवर पोहोचण्यापुरता. ज्याला स्वतःचे मत बदलण्याची शक्यताच मान्य नाही त्याने दुसऱ्याला मत बदलायला सांगावे, हा असमान सौदा आहे. आपल्या इतिहासात या सौद्याची कटुता पुष्कळ आहे. या पंथाचाच एक प्रचारक, ह्यू फिंडले, १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही त्याने काम केले. हाती लागली ती मोजकी माणसे. मुंबईत आणि पुण्यात त्या काळी मिशनऱ्यांविषयी जो संशय होता तो काही निव्वळ कर्मठपणाचा नव्हता, कारण राज्यकर्त्यांचा धर्म घेऊन येणाऱ्याच्या गोड बोलण्यामागे सत्ता उभी असते. फिंडलेच्या पंथाला राज्यकर्त्यांच्या अधिकृत चर्चचा आधार नव्हता, हे खरे. पण ऐकणाऱ्याला एका गोऱ्या पाद्र्यातला आणि दुसऱ्यातला भेद कसा कळावा?

तरीही दार ठोठावणे आणि दाराला कुलूप लावणे या दोन क्रिया एका तराजूत घालता येत नाहीत. उंबऱ्यावर सत्ता घरमालकाची असते. ‘नको’ म्हणून दार लावून घेणे त्याच्या हातात असते, आणि बहुतेक घरांत तेच घडते. दोन वर्षांत शेकडो दारे तोंडावर लागणे हा या तरुणांच्या शिक्षणाचा, मला तर वाटते मुख्य, भाग आहे. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी रोज नकार पचवून उद्या पुन्हा नम्रपणे बोलायला शिकणारी मुले किती सापडतील? प्रचारकाचा आग्रह मला रुचत नाही, पण सत्ता नसलेल्याचा आग्रह उपद्रवी असला तरी जुलमी नसतो. सत्ता आली की चित्र पालटते, आणि म्हणून हीच कसोटी प्रचारकांच्या घराला, म्हणजे चर्चलाही लावली पाहिजे.

या मुलींची श्रद्धा स्वतंत्र आहे का, जन्मापासून कानी पडलेलेच त्या घोकत नाहीत का, असे विचारले जाते. उगमाचा हा आक्षेप आपल्या सर्वांनाच लागू पडतो. निरीश्वरवादी घरात वाढलेल्याचा निरीश्वरवादही मग उसनाच. श्रद्धा स्वतःची झाली की नाही हे तिच्यावर घाव पडल्यानंतर ती काय रूप घेते यावरून कळते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांच्या आश्रयाला त्या होत्या त्या सिस्टर जेराल्डिनशीच पुढे त्यांचा तात्त्विक वाद सुरू झाला. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. धर्म सोडला नाही आणि बुद्धीही गहाण टाकली नाही. पॅक्स्टनचा शेवट मला या वळणाचा वाटतो, अर्थात फार छोट्या प्रमाणावर. सुरुवातीला भाबडी वाटणारी ही मुलगीच ओळखते की रीडच्या दृष्टीने एकच खरा धर्म आहे आणि तो म्हणजे ताबा. जखमी अवस्थेत ती प्रार्थना करते तेव्हा प्रार्थनेने काही होत नाही हे आपल्याला ठाऊक असल्याचे ती सांगून टाकते. ती ज्या प्रकारच्या प्रयोगाचा दाखला देते तसा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता : हृदयशस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांत ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांना तिचा लाभ दिसला नाही, आणि आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यात गुंतागुंत किंचित जास्तच आढळली. हे जाणूनही ती प्रार्थना करते, कारण दुसऱ्याचे भले चिंतणे तिला चांगले वाटते. रीडच्या दोन दारांत न मावणारी ही जागा आहे, आणि तिथे ती स्वतःच्या पायांनी पोहोचली आहे.

चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘पाखंडी’. हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, कोणाचाही. आणि सर्व पासंडांनी एकमेकांचे ऐकावे असे तिथे सांगितले आहे. शेवटी, रीडने गळा चिरल्यावर मेलेली वाटणारी बार्न्स उठून पॅक्स्टनला वाचवते, आणि पॅक्स्टनच्या हातावर क्षणभर फुलपाखरू दिसते (मेल्यावर फुलपाखरू होऊन परत यावे, असे ती आधी म्हणालेली असते), तेव्हा चमत्काराचा आधार घेऊन दिग्दर्शकांनी कच खाल्ली अशी टीका झाली. फुलपाखराबद्दल माझीही थोडी तक्रार आहे. त्यामुळे मुख्य मुद्दा बदलत नाही.

राहिला चर्चचा प्रश्न, ज्याच्यापासून ‘आमचा अपमान झाला’ या तक्रारीने लक्ष सहज दूर जाते. घरी फोन करायला वर्षातून दोनच दिवस, हा नियम २०१९ पर्यंत चालला. घराची आठवण येऊन मन विचलित होऊ नये हा हेतू असेलही; पण एकोणीस वर्षांच्या मुलीला शंका आली, भीती वाटली, परत यावेसे वाटले तर तिने दार कुठे शोधायचे? नियम बदलला हे चांगलेच झाले, आणि तो बदलूनही प्रचाराचे काही बिघडले नाही, यावरून आधीच्या कडकपणाची गरज किती होती हे दिसते. मुदतीआधी परतणाऱ्यांकडे घरचे आणि वस्तीतले लोक कोणत्या नजरेने पाहतात, हा त्याहून नाजूक भाग आहे. कागदावर परतीला कोणाची आडकाठी नसते. पण गावभर निरोपसमारंभ होऊन गेलेल्या मुलाला पाचव्या महिन्यात घरी येणे किती मोकळे असते? इथे रीडची ती मधाळ संमती आठवते, चालेल ना, चालेल ना, म्हणत एकेक पाऊल आत नेणारी.

आणि एक अगदी व्यवहारातली गोष्ट. चित्रपटातल्या मुलींकडे नियम होता. घरात बाई हवी, असे त्या म्हणाल्याही. मेणबत्ती पाहण्याच्या कितीतरी आधी दोघींना काहीतरी चुकते आहे हे जाणवलेले असते, त्यांच्या एकमेकींकडे पाहण्यातून ते स्पष्ट दिसते. त्यांना उठू देत नाही तो त्यांचा नम्रपणा, समोरच्या वडीलधाऱ्याला वाईट वाटू नये ही शिकवण, जी मुलींना जरा जास्तच दिली जाते, आणि ती काही फक्त युटात, म्हणजे या पंथाचे मुख्यालय असलेल्या अमेरिकी राज्यातच दिली जात नाही. युटातल्या प्रोव्हो शहरी चर्चच्या प्रचारक-प्रशिक्षणकेंद्रात अनोळखी माणसाशी संभाषण कसे सुरू करावे याचा सराव दिवसचे दिवस चालतो. त्याच खोल्यांत, त्याच खुर्च्यांवर बसवून, वाक्य अर्धवट तोडून उठण्याचा आणि कोट परत मागण्याचा सरावही तितक्याच वेळा करून घ्यायला हवा.